टाळ्यांतून परतलेला ढोल : सॅम ले आणि शिकागोचा ब्लूज

शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीने १९६४ साली ‘किलिंग फ्लोअर’ नावाच्या गाण्याची छोटी तबकडी काढली. तिच्या लेबलवर कंपनीचं नाव आहे, गाण्याचं नाव आहे, गीतकार म्हणून बर्नेट आहे आणि गायक म्हणून हाऊलिंग वुल्फ आहे. चेस्टर बर्नेट आणि हाऊलिंग वुल्फ ही एकाच माणसाची दोन नावं. म्हणजे लेबल वाचणाऱ्याला वाटावं, की हे सगळं एका माणसाचं काम आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी स्टुडिओत गिटारवर ह्यूबर्ट समलिन आणि बडी गाय होते, आणि ड्रमवर सॅम ले होता. लेबलवर त्यांना जागा नव्हती. त्या धंद्याची तशी रीतच होती.

मी ब्लूजकडे आलो तो पुष्कळांसारखा गिटारच्या वाटेने. हे गाणं अनेकदा ऐकल्यावर माझं लक्ष मागच्या बाजूला गेलं. गिटारची ती प्रसिद्ध धून ज्याच्या पाठीवर बसून धावते, तो ठेका कोणाचा? तो या माणसाने कुठून आणला? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की सॅम ले या ड्रमवादक-गायकाचं आयुष्य म्हणजे अमेरिकी संगीतातल्या तीन वळणांचा दाखला आहे. दक्षिणेतल्या चर्चमधला ताल उत्तरेच्या दारूगुत्त्यांत पोहोचला, तिथला ब्लूज गोऱ्या तरुणांच्या हाती गेला, आणि त्या तरुणांमुळे रॉकचा आवाज बदलला. या तिन्ही वेळी हा माणूस तिथे हजर होता, आणि तिन्ही वेळी मागच्या रांगेत बसलेला होता.

मराठी वाचकाला कृष्णवर्णीय अमेरिका परकी नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन यांचा परिचय मराठीत रुजवला. त्यांचं साहित्य आपण वाचलं, त्यावर परिसंवाद घेतले. त्या साहित्याच्या शेजारच्या खोलीत वाजत असलेलं संगीत मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी ऐकलं. हा लेख त्या खोलीबद्दल आहे.

बंदी घातलेलं वाद्य

सॅम लेच्या ठेक्याची गोष्ट सांगायची तर त्याच्या जन्माच्या सुमारे दोनशे वर्षं मागे जावं लागतं. सप्टेंबर १७३९ मध्ये साउथ कॅरोलायना या इंग्रज वसाहतीत स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. निशाण उभारून, ढोल वाजवत ते दक्षिणेकडे, स्पॅनिश अंमलाखालच्या फ्लोरिडाच्या दिशेने निघाले. ढोलाच्या आवाजाने वाटेतल्या मळ्यांवरची माणसं त्यांना येऊन मिळत गेली. वीसहून अधिक गोरे मारले गेले, आणि बंड मोडताना त्याहून अधिक गुलामांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी वसाहतीने जो कडक कायदा केला त्यात गुलामांच्या लिहायला शिकण्यावर, एकत्र जमण्यावर निर्बंध आले. आणि ढोल, शिंग किंवा एकमेकांना इशारा देता येईल असं कोणतंही मोठ्या आवाजाचं वाद्य बाळगण्यावर बंदी आली.

कायदा करणाऱ्यांना संगीताचं ज्ञान असो वा नसो, त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या या माणसांसाठी ढोल हे करमणुकीचं साधन तर होतंच, पण ते निरोप धाडण्याचंही साधन होतं. लिहिणं आणि ढोल वाजवणं या दोन्हींवर एकाच कायद्याने टाच आणली, यातच सगळं आलं.

ढोल गेला, ताल गेला नाही. तो शरीरात शिरला. मांड्या, छाती, तळहात यांवर थापा मारत नाचायचा ‘जुबा’ नावाचा प्रकार मळ्यांवर रूढ झाला. उपासनेच्या वेळी गोल फेर धरून, पाय घासत, टाळ्या वाजवत गाण्याची पद्धत पडली. पुढे या समाजाची स्वतःची चर्चं उभी राहिली तेव्हा टाळी, पायाचा ठोका आणि डफलीसारखं टॅम्बरिन हेच तिथलं तालवाद्य ठरलं. बंदी सर्वत्र सारखी नव्हती. न्यू ऑर्लिन्समध्ये काँगो चौकात रविवारी ढोल वाजत असत, आणि उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांत बासरी-ढोलाची परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. पण मिसिसिपीच्या सपाट कापूसपट्ट्यात, जिथल्या गायकांनी पुढे शिकागोचा ब्लूज घडवला, तिथला गायक बहुधा एकटा असे. हातात गिटार, आणि तालासाठी लाकडी फळीवर आपटणारा स्वतःचा पाय.

हे वाचताना मराठी माणसाला हलगी आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे हलगीवर कायद्याने बंदी नव्हती. उलट ती वाजवणं हे गावकीचं काम म्हणून विशिष्ट जातींच्या माथी मारलेलं होतं. वाद्याशिवाय मिरवणूक निघत नसे आणि वाजवणाऱ्याला देवळात प्रवेश नसे. तिकडे वाद्याची भीती, इकडे वाजवणाऱ्याचा विटाळ. दोन्हीकडे कातड्यावर पडणाऱ्या हाताचा संबंध थेट माणसाच्या समाजातल्या जागेशी होता.

बर्मिंगहॅमची टाळी

सॅम लेचा जन्म २० मार्च १९३५ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात झाला. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचं हे शहर वर्णविभाजनाच्या बाबतीत दक्षिणेतल्या सर्वांत कडव्या शहरांपैकी एक होतं. मे १९६३ मध्ये शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी कुत्री सोडली आणि पाण्याचे बंब चालवले ते इथेच. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या त्याही इथेच. त्या वेळी ले शिकागोत होता. पण त्याच्या हातातला ताल याच शहरातल्या चर्चमधून आलेला होता. लहानपणी प्रार्थनेच्या वेळी ऐकलेल्या टाळ्या आणि टॅम्बरिन यांवरून आपण आपला ठेका बसवला, असं तो सांगत असे.

हा ठेका ‘डबल शफल’ या नावाने ओळखला जातो. तो समजून घेणं आपल्याला अवघड नाही. चार मात्रांचं आवर्तन घ्या आणि प्रत्येक मात्रेचे पोटात तीन भाग करा, म्हणजे तिश्र जाती. त्या तीन भागांतला मधला गाळा. उरतो तो किंचित लंगडत, पण न थांबता पुढे सरकणारा ठेका. याला शफल म्हणतात. साधारण ड्रमवादक हा ठेका उजव्या हाताने झांजेवर धरतो, आणि डाव्या हाताने दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ड्रमवर जोराचा ठोका देतो. ले दोन्ही हातांनी शफल वाजवायचा. उजवा झांजेवर, डावा ड्रमवर, दोघेही तोच लंगडता ठेका धरून; आणि तरीही डाव्या हाताची दुसरी आणि चौथी मात्रा बाकीच्या ठोक्यांतून उठून वर यायची. कागदावर हे सोपं दिसतं. डाव्या हाताने हलकं आणि जड आलटून-पालटून, तेही लय न ओढता, रात्रभर वाजवायचं म्हणजे काय, हे ज्याने तबल्यावर चार दिवस हात मारला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

या ठेक्याचा परिणाम एका माणसाने वाजवल्यासारखा होतच नाही. बाकांच्या चार-पाच रांगा एकदम टाळ्या वाजवत आहेत, कोणी मात्रेवर, कोणी मात्रांच्या मध्ये, असं वाटतं. भजनात शंभर टाळकरी असले की टाळांचा जो एक सलग पडदा तयार होतो, त्याच्या जवळ जाणारा हा अनुभव आहे. माझ्या मते लेचं ऐतिहासिक महत्त्व इथे आहे. कायद्याने ढोलातून हुसकलेला ताल तळहातांत राहिला होता. या माणसाने तो तळहातांतून उचलून पुन्हा ढोलावर ठेवला. त्याच्या आधीही शिकागोत थोर ब्लूज-ड्रमवादक होते. फ्रेड बिलो हे त्यांतलं मोठं नाव. पण बिलोची तालीम जॅझची होती, त्याच्या हातात शिकलेली सफाई होती. लेच्या हातात प्रार्थनेला जमलेली मंडळी होती.

उत्तरेकडे

१९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. इतिहासकार याला ‘महास्थलांतर’ म्हणतात. एकट्या शिकागोत १९१० साली त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत होती. १९६० साली ती आठ लाखांवर गेली. ‘किलिंग फ्लोअर’ म्हणजे कत्तलखान्यातली ती फरशी, जिथे जनावरं मारली जातात. शिकागोचे कत्तलखाने जगात सर्वांत मोठे मानले जात, आणि दक्षिणेतून आलेल्या हजारो माणसांनी तिथे रोजंदारी केली. वुल्फच्या गाण्याचा विषय प्रेमातली फसगत हा आहे, पण ते नाव ऐकताना त्याच्या श्रोत्यांना कुठली फरशी आठवत असेल हे उघड आहे.

ले याच लोंढ्याबरोबर उत्तरेकडे आला, मात्र थेट शिकागोला नाही. १९५४ च्या सुमारास तो ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये ड्रम वाजवू लागला. १९५७ मध्ये ‘ओरिजिनल थंडरबर्ड्स’ या गटात शिरला. १९५९ मध्ये त्याने शिकागो गाठलं, ते लिटल वॉल्टर या हार्मोनिकावादकाच्या साथीसाठी. वॉल्टरने हार्मोनिका मायक्रोफोनला चिकटवून, अँप्लिफायरमधून वाजवून, त्या खिशातल्या वाद्याला सॅक्सोफोनचा आवाका दिला होता. अशा वादकाबरोबर वाजवताना ड्रमवादकाला दोन कामं करावी लागतात. वादक मोकाट सुटला की जमीन धरून ठेवायची, आणि तो श्वास घ्यायला थांबला की पोकळी भरायची. आपल्याकडे याला ‘साथ’ म्हणतात आणि या शब्दात जे सौजन्य आहे ते इंग्रजी शब्दात नाही.

वुल्फची शिस्त

वॉल्टरकडून ले हाऊलिंग वुल्फच्या बँडमध्ये गेला. सहा फुटांहून बराच उंच, तीनशे पौंडांच्या घरातला, घोगऱ्या आवाजाचा हा गायक रंगमंचावर गुडघ्यांवर रांगायचा, पडदे चढायचा, डोळे गरगरा फिरवायचा. रंगमंचावरून उतरला की तो अतिशय हिशेबी मालक असे. उशीर केला, दारू पिऊन आला, तर वादकाला दंड. पण त्याच वुल्फने आपल्या वादकांसाठी बेकारी विमा आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली. गुत्त्यांत वाजवणाऱ्या बँडमध्ये ही गोष्ट फार दुर्मीळ होती. फौजेतून आणि शेतीतून आलेल्या या माणसाला आपला बँड ही एक नोकरी असावी असं वाटत होतं.

या काळातली लेची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. पहिलं जून १९६१ मधलं ‘द रेड रूस्टर’. इतकं संथ, की ड्रमवादकाच्या धीराची परीक्षाच. संथ लयीत दोन ठोक्यांच्या मधली जागा मोठी होते आणि ती भरण्याचा मोह अनावर होतो. ले ती भरत नाही. वुल्फची सरकती गिटार त्या मोकळ्या जागेत कण्हत राहते. दुसरं ऑगस्ट १९६४ मधलं ‘किलिंग फ्लोअर’. इथे लय उडती आहे, गिटार तीच धून पुन्हा पुन्हा वाजवते, आणि ड्रम तिला एका जागी फिरू न देता पुढे ढकलत राहतो. एकाच हातांनी वाजवलेली ही दोन टोकं आहेत.

१९६४ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या तरुण गटाने ‘लिटल रेड रूस्टर’ म्हणून त्यातलं पहिलं गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. अटलांटिकपलीकडची गोरी मुलं वुल्फची गाणी पाठ करत होती. शिकागोतही तसंच काही चाललं होतं, आणि तिथे ले नुसता साक्षीदार राहिला नाही.

गल्ली ओलांडताना

पॉल बटरफील्ड हा शिकागो विद्यापीठाच्या परिसरात वाढलेला गोरा मुलगा हार्मोनिका शिकण्यासाठी शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबांत जाऊन बसायचा. त्याच्याबरोबर एल्विन बिशप असायचा. ओक्लाहोमातून शिष्यवृत्तीवर पदार्थविज्ञान शिकायला आलेला, आणि शिकलेला मात्र गिटार. शहराच्या उत्तर भागात, वेल्स रस्त्यावरच्या ‘बिग जॉन्स’ या क्लबमध्ये यांना नियमित वाजवण्याचं काम मिळालं. तेव्हा त्यांनी वुल्फच्या बँडमधून दोन माणसं मागितली : बासगिटारवर जेरोम आर्नोल्ड आणि ड्रमवर सॅम ले. पैसे वुल्फपेक्षा जास्त मिळणार होते. दोघे गेले.

या एका वाक्यावरून आपण घाईने पुढे जाऊ नये. पुढे या बँडविषयी लिहिताना ‘वर्णभेदाची भिंत ओलांडणारा गट’ असं लिहायची पद्धत पडली, आणि ते खोटं नाही. दोन गोरे आणि दोन काळे एकाच मंचावर रोज रात्री वाजवत आहेत हे दृश्य १९६३-६४ च्या शिकागोत विरळा होतं. पण भिंत ओलांडण्यामागे लेचं पहिलं कारण पगाराचं होतं. तोच ब्लूज शहराच्या दक्षिण भागात वाजवला तर कमी पैसे आणि उत्तर भागात, गोऱ्या पोरांच्या श्रोत्यांपुढे वाजवला तर जास्त, ही बाजारपेठ त्याने घडवली नव्हती. त्याने ती ओळखली. ज्यांच्याकडून बटरफील्डने ही विद्या घेतली त्यांतल्या बहुतेकांना बिग जॉन्सचा भाव मिळत नव्हता. बँडला मात्र अस्सलपणा हवा होता, आणि तो अस्सलपणा ड्रमच्या मागे बसलेला होता.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये एलेक्ट्रा कंपनीने या गटाची पहिली तबकडी काढली. तोवर गिटारवादक माईक ब्लूमफील्ड गटात आला होता. या तबकडीवर बटरफील्ड जवळजवळ सगळी गाणी स्वतः म्हणतो. पण ‘गॉट माय मोजो वर्किंग’ हे, मडी वॉटर्सने घरोघरी पोहोचवलेलं गाणं, तो म्हणत नाही. ते सॅम ले म्हणतो. ड्रम वाजवत वाजवत. आवाज मोकळा, थोडासा खरखरीत, आणि ठेक्याच्या नेमका वर बसलेला. गायक आणि ठेका धरणारा एकच असला की जी निश्चिंती येते ती इथे ऐकू येते. गायक पुढे जाईल का, मागे राहील का, ही चिंता उरत नाही. हजारो गोऱ्या तरुणांनी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते सॅम लेच्या गळ्यातून.

त्याच वर्षी २५ जुलैला ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात जे घडलं त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. लोकगीतांचा नायक मानला गेलेला बॉब डिलन त्या रात्री विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांतून हुर्यो उठली. ती कशासाठी होती, गिटारसाठी, खराब ध्वनियोजनेसाठी की कार्यक्रम फक्त तीन गाण्यांत आटोपल्यासाठी, यावर अजून वाद चालतो. वादात एक गोष्ट हमखास मागे पडते. डिलनच्या मागे त्या रात्री जे वादक होते त्यांतले तिघे बटरफील्डच्या गटातले : ब्लूमफील्ड, आर्नोल्ड आणि ले. आदल्या रात्री जागून तालीम केलेली. म्हणजे लोकसंगीताच्या सभागृहात जी ‘वीज’ शिरली तिचा कणा शिकागोच्या ब्लूजचा होता, आणि बास व ड्रम ही दोन्ही वाद्यं थेट हाऊलिंग वुल्फच्या बँडमधून आलेली होती. महोत्सवाच्या चालकांना मिसिसिपीच्या शेतकऱ्याची लाकडी गिटार म्हणजे लोकसंगीत वाटत होतं. त्याच शेतकऱ्याची मुलं शिकागोत जाऊन अँप्लिफायर लावून वाजवू लागली की ते लोकसंगीत वाटेनासं होई. बर्मिंगहॅमच्या चर्चमधली टाळी वाजवणारा सॅम ले त्या सगळ्या मंचावर सर्वांत ‘लोक’ होता असं मी म्हणेन.

थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये डिलनच्या ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’ या तबकडीचं शीर्षकगीत ध्वनिमुद्रित झालं, त्यावरही ड्रम लेचाच आहे. हायवे ६१ हा रस्ता न्यू ऑर्लिन्सपासून मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून उत्तरेकडे जातो आणि डिलनच्या मिनेसोटापर्यंत पोहोचतो. ज्या रस्त्याने लाखो माणसं शेतं सोडून निघाली, त्याच्या नावाच्या गाण्याला ठेका धरायला यापेक्षा योग्य माणूस मिळणं कठीण होतं. १९६५ च्या अखेरीस फुप्फुसांच्या आजाराने लेला गट सोडावा लागला. त्याच्या जागी बिली डेव्हनपोर्ट आला, आणि गटाचं पुढचं, अधिक गाजलेलं वळण लेशिवाय झालं.

बाप आणि मुलगे यांच्या मध्ये

१९६९ च्या एप्रिलमध्ये चेस कंपनीने मडी वॉटर्स आणि पियानोवादक ओटिस स्पॅन या ज्येष्ठांबरोबर बटरफील्ड आणि ब्लूमफील्ड या तरुणांना बसवून ‘फादर्स अँड सन्स’ नावाची जोडतबकडी केली. मुखपृष्ठावर मायकेलअँजेलोच्या प्रसिद्ध चित्राचं विडंबन : कृष्णवर्णीय देव गोऱ्या आदमला बोटाने प्राण देतो आहे. अमेरिकेच्या खपाच्या यादीत ती सत्तराव्या क्रमांकापर्यंत चढली. मडीसारख्या गायकासाठी ही फार मोठी मजल होती.

या तबकडीवर ड्रम सॅम ले वाजवतो. शीर्षकातल्या नात्यात त्याची जागा शोधू गेलं तर सापडत नाही. बापांच्या परंपरेचा तो रक्ताचा वारस, पण ‘मुलगे’ हा शब्द इथे गोऱ्या शिष्यांसाठी वापरलेला आहे. चौतिशीतल्या या माणसाने बापांबरोबर आणि मुलग्यांबरोबर सारखंच वाजवलेलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून मध्ये बसणारा दुभाषा तो होता. दुभाष्याचं नाव शीर्षकात येत नाही.

त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली, ‘सॅम ले इन ब्लूजलँड’. तिच्यावर तो गायक म्हणून पुढे आहे. पुढे ‘शफल मास्टर’, ‘स्टोन ब्लूज’, ‘रश अवर ब्लूज’ अशा तबकड्या नव्वदच्या दशकात आणि नंतर आल्या. आवाजात मडीची भारदस्ती किंवा वुल्फचा थरार नाही. एखाद्या गप्पिष्ट काकाचा दिलखुलासपणा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून सीगल-श्वाल या जुन्या शिकागो गटात त्याने ड्रम सांभाळला. कीर्ती स्थिर राहिली, मोठी झाली नाही. ड्रमवादकांच्या वर्तुळात मात्र त्याचं नाव नेहमी आदराने घेतलं गेलं.

पाठीमागून दिसलेलं

लेच्या आयुष्यातली सर्वांत अनपेक्षित गोष्ट अजून सांगायची आहे. साठच्या दशकात त्याच्याकडे घरगुती चित्रणाचा छोटा कॅमेरा होता, आणि तो घेऊन तो क्लबांत फिरायचा. आपल्या सोबत्यांचं, मित्रांचं, मालकाचं चित्रण करायचा. त्या काळी शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या ब्लूज-क्लबांत कोणी टीव्हीवाला येत नव्हता. आज वुल्फवरच्या आणि शिकागोच्या संगीतावरच्या माहितीपटांत आपल्याला सिल्व्हिओज क्लबमधला वुल्फ रंगीत, हलता, आपल्याच लोकांपुढे गाणारा दिसतो, तो त्याच्या ड्रमवादकाच्या कॅमेऱ्यामुळे.

युरोपच्या दौऱ्यांवर याच कलावंतांचं चित्रण झालं, ते उत्तम प्रकाशात, नेपथ्य लावून, शांत बसलेल्या गोऱ्या प्रेक्षकांपुढे झालं. लेच्या फितींत भिंती अरुंद आहेत, प्रकाश अपुरा आहे, चित्र हलतं आहे, आणि माणसं घरच्यासारखी वावरताहेत. कॅमेऱ्यामागे ओळखीचा माणूस आहे हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. फिती मूक आहेत. ज्या माणसाच्या ठेक्यामुळे या गाण्यांना आवाज मिळाला त्याने घेतलेल्या चित्रांना आवाज नाही, आणि ज्या तबकड्यांवर त्याचा ठेका ऐकू येतो त्यांच्यावर त्याचं नाव नाही. संशोधकाला दोन्ही शेजारी ठेवून काम करावं लागतं.

१७४० चा कायदा करणाऱ्यांनी लिहिणं आणि ढोल एका दमात बंद केलं होतं. सॅम लेने ढोल परत मिळवला, आणि लिहिण्याऐवजी कॅमेऱ्याने आपल्या माणसांची नोंदही केली. इतिहास मागच्या रांगेतूनही लिहिता येतो, आणि कधी कधी तिथूनच सगळा मंच दिसतो.

मानसन्मान उशिरा आले. २०१५ मध्ये त्याच्यावर जॉन अँडरसन यांनी माहितीपट केला. त्याच वर्षी बटरफील्डच्या गटाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. समारंभ क्लीव्हलंडला, म्हणजे जिथे लेने पहिल्यांदा पैसे घेऊन ड्रम वाजवला त्याच शहरात. तोवर ब्लूमफील्ड आणि बटरफील्ड दोघेही जाऊन बरीच वर्षं झाली होती. २०१८ मध्ये ब्लूज हॉल ऑफ फेमने त्याला स्वतःच्या नावाने स्थान दिलं. २९ जानेवारी २०२२ रोजी शिकागोत, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो वारला.

मुंबईत २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा वार्षिक महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी तिथे बडी गाय वाजवून गेला. ‘किलिंग फ्लोअर’च्या त्या दिवशी लेबरोबर स्टुडिओत असलेला तोच बडी गाय. म्हणजे त्या खोलीतला एक माणूस आपल्या दारापर्यंत आला होता. साथीदार मात्र असे दारापर्यंत सहसा येत नाहीत. त्यांना शोधत जावं लागतं.

आपल्याकडेही हे काम पुष्कळ शिल्लक आहे. बालगंधर्वांच्या मागे थिरकवाँसाहेबांचा तबला होता हे आपल्याला ठाऊक आहे, कारण थिरकवाँ स्वतःच एक पर्व होते. पण लावणीच्या, भजनाच्या, शाहिरीच्या शेकडो जुन्या तबकड्यांवर ढोलकी कोणाची, डफ कोणाचा, संबळ कोणाचा, हे लेबलवर लिहिलेलं नाही. त्या ठेक्यांतही कुठल्या तरी गल्लीतल्या, कुठल्या तरी देवळाबाहेरच्या हातांचा इतिहास आहे. ज्यांना ती नावं ठाऊक आहेत अशी म्हातारी माणसं अजून फडांवर, वाड्यावस्त्यांवर भेटतात. तबकडी समोर ठेवून त्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे : हे वाजवतंय कोण?